गॅस्केट्सच्या काकू

वसुधाकाकूंच्या पोटात काही राहत नसे. स्वतःचं राहत नसे, आणि दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेलं तर त्याहून राहत नसे. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायच्या आमच्या मराठी मंडळींत त्यांना घरी बोलावणं म्हणजे पंचाईत, आणि न बोलावणं म्हणजे त्याहून मोठी पंचाईत. कुणाचं नवं घर बघायला गेल्या की चहा यायच्या आत सांगून मोकळ्या, "जिना चुकलाय." जिना खरंच चुकलाय का, हे विचारायची हिंमत कुणाला नव्हती, पण त्या दिवसापासून घरच्यांना तो चुकलेलाच दिसायचा.

माझी नि त्यांची ओळख इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये झाली. नाशिकहून येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. नोकरी नवी, आणि सेकंडहँड गाडी मला त्याहून नवी. भाजी डिकीत टाकून निघणार, तेवढ्यात काचेवर टकटक. बाहेर एक बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पंजाबी ड्रेसवर पुरुषी जाकीट चढवलेल्या बाई.

"मराठी ना तू? फोनवर बोलताना ऐकलं. तुझे ब्रेक गेलेत."

"काय?"

"ब्रेक! आत शिरताना किंचाळत होते. ऐकू येत नाही का? या गाडीने घरी जायचं नाही आता. उतर."

आणि मी उतरले! आजही मला माझंच आश्चर्य वाटतं. त्यांनी मला त्यांच्या गाडीतून घरी सोडलं, तेही अशा वेगाने की माझी ब्रेक नसलेली गाडी परवडली असं वाटलं. वाटेत माझा पगार, नवऱ्याचा पगार आणि आम्हाला मूल का नाही, एवढं विचारून झालं. मी घरी जाऊन तासभर धुसफुसत होते. पण दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने झिजून पत्रा झालेले पॅड हातात ठेवले, तेव्हा झक मारत त्यांना फोन केला.

काकू मूळच्या नागपूरच्या. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्गात एकटीच मुलगी, आणि इथे येऊन जन्मभर ब्रेकच्या टेस्टिंग लॅबमध्ये. एखादा पार्ट मशीनला लावायचा, तो मोडेपर्यंत त्यावर जोर वाढवत न्यायचा आणि कसा मोडला ते लिहायचं, हे त्यांचं काम. "मी आयुष्यभर वस्तू मोडल्या नि त्याचा पगार घेतला," असं त्या हसत सांगायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा निखिल देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला. चार खोल्यांच्या घरात एकट्या काकू आणि त्यांचं तोंड.

त्या घरात बेसबॉल शिरला तो लायब्ररीतल्या एका कागदामुळे. 'गॅस्केट्सच्या खेळाडूंना उन्हाळ्यापुरती जागा हवी आहे.'

गॅस्केट्स हे आमच्या बाजूच्या बेसबॉल टीमचं नाव. गाडीच्या इंजिनात दोन भागांच्या मधे बसते ती पातळ पट्टी, तिचं नाव एखाद्या टीमला देणं डेट्रॉइटच्या आसपासच सुचू शकतं. निवृत्त झालेल्या काही ऑटोवाल्यांनी हौसेने ती काढली होती. मोठ्या क्लबांच्या पदरी स्वतःच्या धाकट्या टीम असतात. त्यातून पोरं वर चढत जातात. गॅस्केट्स तसली नव्हती. ती कुणाचीच नव्हती. ज्यांना कुठल्याच क्लबने घेतलं नाही किंवा घेऊन सोडून दिलं, असे सगळे तिथे जमायचे. मला हे डोक्यात शिरेना तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतात ना, ती ही मुलं. शाळा नाही, पण परीक्षा तीच." यापेक्षा बरं मला अजून कुणी समजावलेलं नाही.

अशा टीमला हॉटेलं परवडत नाहीत, म्हणून गावातली कुटुंबं एकेक खेळाडू आपल्या घरी ठेवून घेतात. खोली द्यायची, जमेल तसं खायला घालायचं, बदल्यात मॅचची तिकिटं. काकूंनी दोघांना ठेवायचं ठरवलं, आणि निखिलचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"आई, आर यू सीरियस? अनोळखी पुरुष घरात ठेवणार तू?"

"तू तरी कुठे ओळखीचा राहिलायस? दिवाळीला येतो म्हणालास, शिमगा झाला," काकू म्हणाल्या आणि कुकरची शिट्टी काढायला गेल्या.

त्या मुलांना काकूंनी कसं वळण लावलं ते बघण्यासारखं होतं. बूट दाराबाहेर. चहा ज्याचा त्याने करायचा. फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात बर्फाच्या पिशव्या, खालच्यात कोथिंबीर, आणि अदलाबदल झाली तर बोलणी. पिचर असेल, म्हणजे आपल्याकडचा बोलर, तर त्याच्याकडे रोज सकाळची कणीक. "बोटांना व्यायाम," काकू म्हणायच्या. सहा-साडेसहा फुटी गोरे, काळे आडदांड पुरुष ओट्यापाशी वाकून परातीत कणीक मळताहेत आणि कमरेएवढ्या काकू मागून "प्रेस, प्रेस!" म्हणून ओरडताहेत, हे दृश्य मी कितीदा पाहिलंय. सगळे त्यांना 'काकू'च म्हणत. काही जण तर 'मेल्या'ही शिकले होते आणि आपसात वापरायचे.

पण काकूंच्या त्या जिभेतून टीमही सुटली नाही. एकदा बाहेरगावच्या मॅचला निघालेल्या टीमच्या बसपुढे त्या जाऊन उभ्याच राहिल्या. हाताची घडी घालून. ब्रेकचा आवाज बरोबर नाही, माझी मुलं या बसमधून जाणार नाहीत. मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा कोच, आधी हसला, मग विनवण्या केल्या, मग लालबुंद होऊन अंगावर ओरडला. काकू हलल्या नाहीत. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं आणि बस त्यांच्यापासून हातभर अंतरावर गुरगुरत होती. मी लांबून "काकू, चला ना" म्हणत होते. शेवटी मेकॅनिक आला. त्याने खाली शिरून सगळं तपासलं. ब्रेक ठणठणीत होते.

"आज नाही सापडलं," एवढं बोलून काकू बाजूला झाल्या. सॉरी वगैरे काही नाही. टीम उशिरा पोचली, घाईत खेळली आणि हरली. मॅनेजर पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हता, आणि काकूंना त्याचा पत्ताही नव्हता.

या टीममधलं सगळ्यात वाईट काय, तर दुपारचा फोन. मॅनेजरने मॅचच्या आधी ऑफिसात बोलावलं की समजायचं, आपल्याला काढलं. त्याच दिवशी सामान भरायचं, कारण संध्याकाळी त्या खोलीत दुसरा येणार. दुपारी फोन वाजला की काकूंच्या घरातली मुलं जेवता जेवता थांबायची. एका दुपारी तो एका शॉर्टस्टॉपला, म्हणजे बेसच्या मधे उभं राहून बॉल अडवणाऱ्या फील्डरला आला. हसरा, बडबड्या मुलगा. तो परत आला तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी ताट वाढलं. त्याने डोळे पुसत विचारलं, "काकू, मला दुसरी टीम मिळेल ना?"

काय हरकत होती 'मिळेल' म्हणायला? मी असते तर शंभरदा म्हटलं असतं.

"मला नाही वाटत," काकू म्हणाल्या. "तू चांगला आहेस, पण तेवढा नाहीस. घरी जा, दुसरं काहीतरी कर."

तो न जेवता उठला. मला काकूंचा मनापासून संताप आला. "काय गरज होती हो? दोन गोड शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं. काकू त्याचं ताट झाकून ठेवत होत्या. "खोट्यावर पोट भरतं का कुणाचं?" त्या म्हणाल्या. त्या मुलाने पुन्हा कधी त्यांना फोन केला नाही. काकूंना त्याचं वाईट वाटायचं, हे मला माहीत आहे. पण आपण चुकलो असं त्यांना कधी वाटलं नाही.

अशा बाईकडे वेस्ली आला.

वेस्ली वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीतल्या गावचा. पिचर. तिशीला टेकलेला, या खेळात ते म्हातारपण. कमी बोलायचा, रोज आईला फोन करायचा आणि मोजे जिथे काढेल तिथे टाकायचा. काकूंना तो पहिल्या आठवड्यातच आवडला, कारण कुणाच्या तरी नव्या घरी त्यांनी जिना चुकलाय म्हटल्यावर तो एकटाच म्हणाला होता, "कुठला जिना?" त्या उन्हाळ्यात त्याचा हात असा चालला, की काकूंच्या स्वयंपाकघरात मोठ्या क्लबचं नाव निघायला लागलं. आणि मग बातमी आली. रविवारी दुपारच्या मॅचला एक स्काउट येणार, खास वेस्लीला बघायला. स्काउट म्हणजे मोठ्या क्लबांसाठी खेळाडू हेरत फिरणारा माणूस. त्याला आवडलं तर तो थेट विचारतो, येतोस का आमच्याकडे?

त्याच आठवड्यात काकूंच्या पोळ्या फाटायला लागल्या.

कणीक नीट मळलेली नव्हती. आत कोरडे गोळे राहिलेले. काकूंनी पोलपाट बाजूला सारला आणि वेस्लीला हाक मारली. "हात दाखव." तो म्हणाला काही नाही झालेलं. त्यांनी त्याचं कोपर दोन बोटांत धरून जरासं दाबलं, आणि तो धिप्पाड माणूस ओट्याला धरून खाली बसला.

हे सगळं काकूंनी मला शनिवारी माझ्या घरी येऊन सांगितलं. "त्याने शपथ घातलीय कुणाला सांगायचं नाही म्हणून. तुला सांगितलं म्हणजे काही कुणाला सांगितलं नाही."

"अहो, पण खेळला तर काय होईल?"

"मोडेल," काकू म्हणाल्या. "तुटायच्या आधी वस्तू कशी वागते ते मी जन्मभर बघितलंय गं. आत लिगामेंट सुटत आलंय त्याचं. मी म्हटलं त्याला, मेल्या, उद्या त्यांनी घेतलं तरी ते आधी मेडिकल करणार. तिथे सापडणारच. मग?"

"मग काय म्हणाला?"

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणाला, सापडू दे. पण काकू, मला आजवर कुणी विचारलेलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, कुठल्या क्लबने नाही. मीच जाऊन दारं वाजवलीत सगळीकडे. एकदा, फक्त एकदा कुणीतरी मला 'येतोस का' म्हणून विचारू दे. मग हात गेला तरी चालेल." त्यांनी पदर नव्हता म्हणून ओढणीने नाक पुसलं. "आता सांग, मी काय करू? मॅनेजरला सांगितलं तर उद्या त्याला खेळवणार नाही. नाही सांगितलं तर हात जाईल. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय."

मला कधी कुणी असल्या वेळी काही विचारलेलंच नव्हतं.

काकूंना मी शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी. पुढच्याच आठवड्यात आम्ही नव्या नोकरीसाठी सनीव्हेलला आलो, गॅस्केट्स त्या हिवाळ्यात बंद पडली, आणि थंडी संपायच्या आत निखिलचा फोन आला, आई झोपेतच गेली म्हणून. त्यामुळे माझ्याकडे उरलेल्या काकू आहेत त्याच दुपारच्या.

ऊन मरणाचं होतं. आम्ही नेहमीच्या जागी, बॅट्समनच्या मागच्या जाळीमागे बसलो होतो. घरं देणाऱ्या कुटुंबांची तिकिटं तिथलीच असतात. काकूंच्या शेजारच्या खुर्चीत गवती हॅट घातलेला एक म्हातारा येऊन बसला. मांडीवर स्पीड मोजायची गन. हाच तो स्काउट, हे आम्हाला वेगळं सांगावंच लागलं नाही.

वेस्लीने सुरुवात अशी केली, की मला वाटलं काकूंचं काहीतरी चुकतंय. बॉल जाळीच्या दिशेने सुसाट यायचा आणि बॅट हवेत फिरून जायची. म्हातारा गनमध्ये बघायचा, शेंगदाणा सोलायचा, पुन्हा बघायचा. काकू मात्र बॉलकडे बघतच नव्हत्या. त्या फक्त त्याच्या कोपराकडे बघत होत्या. दरवेळी बॉल सुटला की त्यांचे ओठ आत ओढले जायचे.

सामना अर्ध्यावर गेला तेव्हा म्हाताऱ्याने हॅट काढून विचारलं, "तो तुमच्याकडेच राहतो ना? मला तिकिटवाल्या बाईंनी सांगितलं."

झालं! आम्हाला कुठे माहीत की हे लोक घरवाल्यांनाही विचारतात! मैदानावर दिसतं ते गनमध्ये येतं. माणूस घरी कसा आहे ते यजमानांकडूनच कळतं.

"हो," काकू म्हणाल्या.

"कसा आहे मुलगा?"

"मोजे कुठेही टाकतो. आईला रोज फोन करतो. पितो कमी. भांडी स्वतःची घासतो, पण वाईट घासतो."

म्हातारा खूश होऊन हसला. मैदानावर वेस्ली बॉल हातात घेऊन बोटं उघडमीट करत होता.

"आणि हात?" म्हाताऱ्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. पण तो आता हसत नव्हता. "रात्री नेहमीपेक्षा जास्त बर्फ लावतो का? काही दुखतं-खुपतं?"

मी शेंगदाण्याच्या पुडीकडे बघत राहिले. डोकं वर करायची माझी छाती नव्हती. ज्या बाईने रडत्या मुलाला 'मिळेल' म्हटलं नाही, ठणठणीत बससमोर उभं राहून माफी मागितली नाही, ती आता काय बोलणार हे मला दिसतच होतं. संपलं वेस्लीचं, असंच मी धरून चालले.

"हात?" काकू म्हणाल्या. "माझ्या लोणच्याच्या बरण्या तोच उघडतो. मला मेल्या उघडतच नाहीत."

आदल्याच दिवशी त्या माझ्याकडे येताना बरणी घेऊन आल्या होत्या, वेस्लीला उघडेना म्हणून, आणि ती मी उघडून दिली होती.

म्हाताऱ्याने मान डोलावली, "गुड, गुड," म्हणाला आणि गन उचलली. काकूंनी माझं मनगट धरलं. "काकू," मी पुटपुटले. "गप्प बस," त्या दातांतून म्हणाल्या. "खोटं बोलायची सवय नाही मला, उलटी होईल."

त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास मी कधी विसरणार नाही. आधी तो नुसता वेस्लीचा हात होता. आता काकूंचा शब्द त्याला टांगला होता. त्याच्या प्रत्येक बॉलला माझ्या मनगटात त्यांची नखं रुतायची. मग त्याचा वेग उतरायला लागला. बॉल फटकावले जाऊ लागले. एकापाठोपाठ एक बेसवर माणसं चढली, तिन्ही बेस भरले, म्हणजे आता एक चांगला फटका बसला की रन. मॅनेजर चालत त्याच्यापाशी गेला आणि बॉलसाठी हात पुढे केला. वेस्लीने बॉल पाठीमागे लपवला! लहान मुलासारखा. दोघं काहीतरी बोलले. मॅनेजर परत फिरला.

"दे रे त्याला, दे तो बॉल," काकू मराठीत म्हणत होत्या. "जाऊ दे, खड्ड्यात जाऊ दे तो क्लब, दे!"

वेस्लीने टाकला. बॅट्समनने जीव खाऊन फिरवली आणि बॉल उंच, सरळ आकाशात गेला. तो खाली येईतो कुणी श्वास घेतला नसेल. कॅचरने मास्क भिरकावला, दोन पावलं मागे गेला आणि झेल घेतला. तिसरा आउट, त्यांची पाळी संपली. सगळं स्टेडियम उभं राहिलं. वेस्ली मैदानाबाहेर चालत आला, टाळ्यांकडे न बघता, हात अंगाशी लोंबकळत.

म्हातारा उठला, पायऱ्या उतरून कठड्यापाशी गेला आणि त्याने वेस्लीला हाक मारली. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. त्याने हस्तांदोलनाला हात पुढे केला, तो आम्हाला दिसला. वेस्लीचा उजवा हात थोडासा उचलला गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने डावा पुढे केला.

म्हाताऱ्याने त्या डाव्या हाताकडे पाहिलं. आणि मग सावकाश मान वळवून वर, आमच्याकडे पाहिलं.

मी मान खाली घातली. काकूंनी नाही घातली. त्या उठून उभ्या राहिल्या आणि सरळ त्याच्याकडे बघत राहिल्या, चेहरा लालबुंद, डोळे भरलेले. कोण आधी नजर काढणार असं चाललं होतं. शेवटी म्हाताऱ्याने वेस्लीचा डावा हात हातात घेतला, बराच वेळ काहीतरी बोलला, वेस्लीही बोलला. मग काकूंकडे बघून हॅट जराशी उचलली आणि निघून गेला.

मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये वेस्ली आला तेव्हा कोपराला बर्फ बांधलेला होता आणि चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं जमलं!

"काकू, त्याने विचारलं," तो म्हणाला. "मला म्हणाला, येतोस का आमच्याकडे? याच शब्दांत. मला, काकू!"

"मग? तू काय म्हणालास?"

"खरं सांगितलं. म्हटलं, सर, माझा हात गेलाय, माझ्यावर विमानाचं तिकीट वाया घालवू नका. पण विचारलंत, थँक यू."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. आणि मग त्यांचं सगळं इंग्रजी, सगळी इतक्या वर्षांची अमेरिका कुठच्या कुठे गेली, उरलं फक्त नागपूर.

"मग मी काहून खोटं बोलली रे, मेल्या?" त्या कडाडल्या. "अं? काहून बोलली मी? जन्मात नाही बोलली ती तुझ्यापायी बोलली!" आणि त्याच्या चांगल्या खांद्यावर फटाफट फटके. दोन गाड्या पलीकडची माणसं थांबून बघायला लागली.

"काय म्हणतायत?" वेस्लीने मला विचारलं.

मी सांगितलं. स्काउटने काय विचारलं आणि काकू काय बोलल्या, सगळं.

"काकू?" तो म्हणाला. "काकू खोटं बोलल्या? माझ्यासाठी?" आणि तो तिथेच, गाडीच्या बंपरला टेकून, ओंजळीत तोंड धरून हुंदके द्यायला लागला. दिवसभर हात तुटत असताना तो रडला नव्हता.

"रडतोस काय, ऊठ!" काकूंनी त्याला शर्टाला धरून उभं केलं, गाडीत कोंबलं, पट्टा लावला आणि स्वतः पलीकडून चढल्या. "इमर्जन्सीत नेते ह्याला. तू जा घरी," मला म्हणाल्या. निरोप वगैरे काही नाही. माझं सामान बांधायचं राहिलंय हे त्या विसरल्याच होत्या.

पार्किंगच्या तोंडाशी लाइन लागली होती, त्यात त्यांची गाडी अडकली. लांबून काचेतून मला दिसत होतं, दोन्ही हात स्टिअरिंगवरून सोडून त्या त्याला बोलत होत्या आणि तो निमूट मान डोलवत होता. पुढची गाडी सरकली तरी यांचं चालूच. मागच्याने हॉर्न दिला. तशी काकूंनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि त्यालाही सुनावलं, रडता रडताच.